चव न घेतलेलं पाणी

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांचा समज नेमका उलटा आहे. शाळेत, पंचायतीत, बायकांच्या बैठकीत मला बोलायला बोलावतात तेव्हा ओळख करून देणारा दर वेळी "धाडसी" हा शब्द वापरतो आणि मी मान खाली घालून बसते. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला, तो शब्द ऐकला की मला एक पितळी तांब्या आठवतो. इतकी वर्षं झाली तरी आठवतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव अनसिंगपासून दोन कोसांवर. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, सरकारी कागदावर आम्ही अकोल्याचे. मालक जऊळक्याला रेल्वेत गँगमन होते आणि आठवड्यातून एकदा घरी येत. घरात मी आणि सासू. मी तेवीस वर्षांची, सातवी पास, मूलबाळ अजून नव्हतं. सातवी शिकलेली सून आमच्या बौद्ध वस्तीत दुसरी नव्हती. सासूला त्याचा अभिमान होता आणि रागही यायचा, कारण नातेवाइकांचं पत्र वाचून दाखवताना तिला नको असलेला मजकूरही मी वाचून टाकायचे.

अनसिंगला सडकेला लागून एक धर्मादाय दवाखाना नुकता निघाला होता. चार खोल्या, टिनाचं छप्पर आणि पुण्याकडच्या एक डॉक्टरीणबाई. गोळ्या वाटण्यापेक्षा गावातल्या बायका शिकवून तयार करायच्या, असा त्यांचा हट्ट होता. प्रत्येक गावातून एक बाई निवडायची, तिला साधे आजार ओळखायला शिकवायचं आणि तिनं घरोघर फिरायचं. आमच्या गावच्या बैठकीत त्यांनी सरळच सांगितलं की बाई खालच्या, म्हणजे आमच्या वस्तीतलीच हवी. "वरच्या पुऱ्यातली निवडली तर ती वस्तीत जाणार नाही. वस्तीतली निवडली तर ती सगळीकडे जाईल." ऐकायला किती सोपं वाटलं! सगळीकडे म्हणजे नेमकं कुठपर्यंत, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

लोकांचीही पंचाईत होती. आदल्या वर्षी नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरल्या होत्या आणि दवाखान्याचं नाव काढलं की बाप्ये ज्वारीत शिरून बसत. त्यामुळे मला बघून पहिले दोन महिने कुणी दार उघडेना. मला तेवढंच बरं वाटायचं. दार बंद असलं की आपली जबाबदारी संपली, असं मानून मी पुढच्या घराकडे वळायचे.

शिकवणीत डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो हगवणीवर. आमच्याकडे लेकराला हगवण लागली की पहिल्यांदा त्याचं पाणी तोडत. वरून ओतलं की खालून जातं, मग ओतायचंच कशाला, असा सगळ्यांचा हिशेब. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मूल मरतं ते अंगातलं पाणी गेल्यानं, म्हणून उलट पाजत राहायचं. एक तांब्या उकळून गार केलेलं पाणी, तीन बोटांत मावतील अशा दोन चिमटी मीठ आणि दोन मुठी गूळ. चमच्याचमच्यानं द्यायचं. मधूनमधून साधं पाणी आणि आईचं दूधही चालू ठेवायचं. आणि सगळ्यात शेवटी, पाजण्याआधी, प्रत्येक वेळी, बाईनं स्वतः चव घ्यायची. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करायचं. आम्हाला एक वही दिली होती. त्यात घर, मूल, काय दिलं असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता, "चव घेतली". तिथे खूण करायची.

आमच्या वस्तीत चव घेणं सोपं होतं. वरच्या पुऱ्यात, सवर्णांच्या आळीत, मी ओट्यापर्यंत जायचे. "आत येऊ नको" असं मला कधीच कुणी म्हणालं नाही, ते खरंच. घरची बाई बाहेर येऊन दारात उभी राहायची, इतकंच. ती दारात उभी असली की आत जायला जागाच उरायची नाही. मग मी ओट्यावरून सांगायचे, ती आत जाऊन पाणी करायची आणि माझ्या हातात वही असायची. त्यांच्या तांब्यात बोट बुडवायचं म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सासऱ्यांनी दीक्षा घेतल्यावर मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा या गावानं आमच्या वस्तीला एक हंगामभर काम दिलं नव्हतं. चक्कीवर दळण घेत नसत. सासू ते सांगताना आवाज खाली आणायची, जणू कुणी अजून भिंतीला कान लावून बसलंय. ती भीती तिनं मला दागिन्यासारखी लग्नातच दिली होती.

म्हणून मी वरच्या पुऱ्यात चव घ्यायचे नाही आणि वहीत खूण मात्र करायचे. दर गुरुवारी डॉक्टरीणबाई शाळेच्या ओसरीत बसून वही तपासत. "चव घेतलीस ना?" "घेतली." एक अक्षर जास्त नाही. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडत नाही, हे मी तेव्हा शिकले.

पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. विहिरींना गढूळ पाणी आलं होतं आणि घरटी एक पोर हगवणीनं पडलेलं. सकाळी मी वरच्या पुऱ्यातून जात होते तेव्हा एका कुणबी शेतकऱ्याच्या घरातून सुनेनं हाक मारली. माझ्याच वयाची. तिला तीन मुली आणि त्यांच्या पाठीवर झालेला चौदा महिन्यांचा मुलगा. तिचा नवरा पहाटेच वावरात गेलेला. दारात तिची सासू उभी होती, जिला सगळं गाव बुढी म्हणायचं.

या बुढीबद्दल सांगायला हवं. तिच्या काढ्याला गावात मान होता. खोकला, ताप, बाळंतपण, काही असो, बुढीचा काढा. सुंठ, अडुळसा, गवती चहा आणि आणखी काय काय टाकून ती मातीच्या चुलीवर तासन्‌तास आटवायची. आठ वाट्या पाण्याची एक वाटी झाली की काढा झाला, "आठाचा एक" असं त्याला म्हणत. आमच्या वस्तीतलेही तिच्याकडे जात. ती आमच्या भांड्यात वरून धार सोडायची. काढा चांगला असायचा, हे मी मान्य करते. मलाही लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं गुण आला होता.

सुनेनं पोराला उचलून दारात आणलं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. मी हात लावू शकत नव्हते, म्हणून तिलाच म्हणाले, "पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा." तिनं सोडली. कातडीची वळी तशीच उभी राहिली. शिकवणीत हे मी चित्रात पाहिलं होतं, जिवंत पोरावर पहिल्यांदा पाहत होते.

"रात्रीपासून पाणी तोडलं आमी," बुढी म्हणाली. "तरी थांबून नाई राह्यलं."

"तोडू नका, आजी. पाजा." आणि मी सगळं सांगितलं. तांब्याभर पाणी उकळून घ्या, मग दोन चिमटी मीठ, दोन मुठी गूळ, चमच्याचमच्यानं पाजा. तीनदा सांगितलं. बुढीनं बोटांवर मोजत सगळं बरोबर म्हणून दाखवलं. तिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली होती.

"झाल्यावर चव घेऊन पाहजा," मी म्हणाले.

ती हसली. "बिमाराचं औषध कोनी उष्टं करते काय वं?"

इथे मी बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की मग मी घेते, मी थांबते, आणा इकडे. बुढी दारात उभी होती आणि तिच्या मागे स्वयंपाकघर होतं, चूल होती, उतरंड होती. मी ओट्यावर उभ्या उभ्या वही उघडली आणि शेवटच्या रकान्यात खूण केली. पाणी अजून चुलीवर चढलंही नव्हतं.

दुपारी पुन्हा गेले. बुढी खुशीत होती. "दोन वाट्या पेला," म्हणाली, "अन् हगवन कमी झाली. तुह्यं औषध चांगलं हाये." मला एवढा आनंद झाला की मी पोराकडे नीट पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण आनंदाच्या डोळ्यांनी. ओठ कोरडे पडलेले, जीभ बाहेर, आणि रडणं एकसारखं, चिरकं. आईच्या हातातल्या पाण्याच्या गडव्याकडे ते झेपावत होतं.

"सारखं पानी मांगून राह्यला, बाई," सून म्हणाली. "साधं देऊ काय थोडं?"

"साधं नका देऊ," मी म्हणाले. "तेच पाजा. आनखी करा."

साधं पाणी द्यायचं असतं, हे मला सांगितलेलं होतं. पण औषधाचा गुण बुढीच्या तोंडून ऐकल्यावर मला वाटलं, जास्त दिलं की जास्त गुण. बुढीपेक्षा माझी अक्कल कुठे वेगळी होती! ते वाक्य मी तिथे टाकलं आणि घरी येऊन भाकरी खाल्ली. पोटभर खाल्ली, हेही लक्षात आहे.

चार वाजले असतील. मी दळण निवडत होते. एकदम दार ढकललं गेलं आणि ती सून आमच्या घरात शिरली. डोक्यावर पदर नाही, पायांना चिखल. वरच्या पुऱ्यातली बाई आमच्या घरात आलेली मी पहिल्यांदा पाहत होते. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

"बाई, झटके येऊन राह्यले त्याले. डोळे फिरवले. चाला."

मी "आलेच" म्हणाले आणि ती तशीच मागे पळाली. सासू कोपऱ्यातून सगळं ऐकत होती. तिनं उठून दाराला कडी घातली.

"जाऊ नको," ती म्हणाली. "लेकरू गेलं त तुह्यावर येईन. तुह्यावर म्हंजे वस्तीवर. जऊळक्याले जाय, पाचची गाडी हाये. दोन-तीन दिवस येऊ नको."

आता खरं सांगते. मी पिशवी काढली. त्यात एक लुगडं टाकलं, कंगवा टाकला. मी पळणार होते. मनात पोर नव्हतं, पोराची आई नव्हती. मनात फक्त वरच्या पुऱ्यातले बाप्ये होते, हातात काठ्या घेतलेले, आणि आमची चौदा-पंधरा घरं. वही तिथे ठेवून जावी की सोबत न्यावी, एवढाच विचार चालू होता. वही मिळाली तर सगळ्यांना कळेल म्हणून ती पिशवीत टाकायला उचलली.

बाहेरून कडी वाजली. सून परत आली होती. मी मागून येत नाही, हे अर्ध्या वाटेत पाहून ती फिरली होती. सासूनं दार उघडलं, उघडावंच लागलं. सुनेची नजर पिशवीवर गेली.

"तुमी कोठी चालल्या?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या मागे निघाले. मला धाडस आलं म्हणून नव्हे. तिच्या देखत पळायची लाज वाटली म्हणून. सासू दारात उभी राहून मला शिव्या देत होती आणि रडत होती.

ओट्यावर पाच-सहा बाप्ये जमले होते. पोराचा बाप वावरातून आलेला, पायाला काळी माती तशीच. मी दिसल्यावर सगळे माझ्याकडे वळले.

"काय पाजलं तू माह्या लेकराले?" बाप म्हणाला.

आत, दाराच्या पलीकडे, पोर बाजेवर पडलेलं. मुठी आवळलेल्या, एक पाय थरथरत होता. बुढी शेजारी बसून त्याच्या कपाळाला अंगारा लावत होती.

"आजी, पाणी कोठी हाये?" कसंबसं मी विचारलं. "जे पाजलं ते?"

बुढी उठली, चुलीकडे गेली आणि तांब्या घेऊन दारात आली. तांब्याला बाहेरून काजळी धरलेली. तिनं तो वाकडा करून मला लांबूनच दाखवला. तळाशी घोटभर काहीतरी उरलं होतं, काळपट, दाट.

"काई कसर नाई केली मी," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मीठ-गूळ पान्यातच टाकून चुलीवर ठेवलं. चांगलं आटवलं. आठाचा एक केला. सकाळपासून तीन तांबे आटवले."

क्षणभर मला काही समजलं नाही. मग समजलं. मी उकळा म्हणाले होते. बुढी आयुष्यभर औषध एकाच रीतीनं करत आली होती आणि तिनं ते त्याच रीतीनं केलं. जीव लावून केलं. पाणी उडून गेलं होतं आणि तीन तांब्यांचं मीठ तीन वाट्यांत उरलं होतं. पण हे सगळं माझ्या डोक्यात आलं, तरी माझा विश्वास बसेना. बसवून घ्यायचा नव्हता. एकच गोष्ट करायची राहिली होती, जी मी सकाळी करायला हवी होती.

मी उंबरठा ओलांडला. मागून कुणीतरी "ए, ए" म्हणालं. बुढी मागे सरली, पण तांब्या तिच्या हातातच होता. मी बोट आत घातलं आणि जिभेवर ठेवलं.

जीभ आकसली. घसा जळला. गुळाच्या खाली मीठ, नुसतं मीठ. हे त्या पोरानं वाटीवाटीनं प्यायलं होतं आणि पाणी मागितलं होतं, आणि मी म्हणाले होते, साधं देऊ नका.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी ओरडत होते, एवढं नक्की. साधं पाणी आणा, गाडी जुंपा, अनसिंगच्या दवाखान्यात न्यायचं. कुणी हललं नाही तेव्हा सून उठली आणि तिनं स्वतः माठातून पाणी काढलं. मग बापही हलला.

बैलगाडीत बाप पुढे, मागे सून पोराला घेऊन आणि तिच्यासमोर मी. झटका नसेल तेव्हा चमच्यानं थेंब थेंब साधं पाणी त्याच्या ओठांवर सोडायचं, आणि सून त्याला छातीशी धरायची. ते कधी ओढायचं, कधी नाही. पावसानं वाट चिखलाची झालेली, नाल्यापाशी चाक रुतलं. बापानं उतरून खांदा लावला. मीही उतरून लावला. त्याच्या शेजारी, त्याच्याच चाकाला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, आता जर काई झालं त..." आणि पुढे बोललाच नाही. पुढचं वाक्य मी दवाखान्यापर्यंत मनातल्या मनात दहा तऱ्हांनी पुरं केलं. प्रत्येक तऱ्हेत आमची वस्ती होती.

डॉक्टरीणबाईंनी पोर आत घेतलं, सुई लावली, सलाईन अगदी हळू चालू ठेवलं. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"वाचेल का ते आज सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "चव घेतली होतीस?"

बाप तिथेच भिंतीला टेकून बसला होता. "घेतली" म्हटलं असतं तर सगळं बुढीवर गेलं असतं. नंतर तिनं काहीतरी मिसळलं, असं झालं असतं. शब्द जिभेवर तयार होता, सवयीचा.

"नाही," मी म्हणाले. "त्या पुऱ्यात कधीच घेतली नाही. एकाही घरात नाही."

"मग वहीतल्या खुणा?"

"खोट्या."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्या मला मारतील असं वाटलं. "का?"

"भीती वाटत होती."

"कुणाची?"

"सगळ्यांची. तुमची पण."

त्यांनी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तू त्यांच्या घरात जात नाहीस?" मी मानेनंच नाही म्हटलं. "मी त्याच घरात चहा प्यायले आहे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. बापानं हे सगळं ऐकलं होतं. तो जमिनीकडे बघत राहिला.

दोन दिवस मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून काढले. घरी जायची हिंमत नव्हती. आतून रडण्याचा आवाज आला की भीती वाटायची आणि आवाज थांबला की जास्त वाटायची. मालक जऊळक्याहून आले, शेजारी बसले, आणि "सोडून दे हे काम" एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरानं आईचं दूध ओढलं आणि हातातला चमचा फेकून दिला. सून बाहेर येऊन माझ्यासमोर बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. डोळ्यांतलं पाणी ओठावर आलं तेव्हा मला मिठाची आठवण झाली.

पोर वाचलं. पुढे चालायला लागलं, बोलायला लागलं. पण त्या दोन दिवसांत माझ्या आतलं काहीतरी जे हललं, ते जागेवर आलं नाही.

गावात परतल्यावर आठ दिवसांनी सुनेनंच मला नाल्यावर गाठून सांगितलं, मान खाली घालून. मी बोट बुडवलेला तांब्या बुढीनं त्याच रात्री चुलीत टाकला होता. निखाऱ्यात लाल होईपर्यंत ठेवला, चिंचेनं, राखेनं घासला आणि मग पुन्हा वापरायला घेतला. पितळ असं शुद्ध करतात. तेव्हा माझं डोकं असं फिरलं की नाल्यातच बसले. पोर मरत होतं आणि घरात तांब्याचं शुद्धीकरण चालू होतं! मी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि काम सोडते म्हणाले. दुसरी बाई मिळेपर्यंत कर, असं त्या म्हणाल्या. दुसरी कुणी मिळाली नाही. माझ्या सेवेच्या पंचवीस वर्षांचं खरं कारण एवढंच आहे.

आता शेवटचं. दसऱ्याच्या सुमारास त्याच पुऱ्यात, बुढीच्या घरापासून तिसऱ्या दारी, एका दोन वर्षांच्या मुलीला हगवण लागली. मी ओट्यावर गेले. घरच्या बाईनं पाणी करून आणलं, तांब्या घेऊन दारात उभी राहिली. आतून तिचा सासरा बघत होता.

वाटलं होतं, एकदा करून झालं की पुढे भीती जाईल. ती काही गेली नव्हती. उलट आता दोन भीती होत्या, एक या दाराची आणि एक मिठाची.

"मी चव घेतल्याबिगर पाजू नका," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला.

बाई तांब्या छातीशी धरून उभी राहिली. सासऱ्यानं खाकरून घसा साफ केला. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. आत मुलगी कण्हत होती. मी परत फिरले असते तर त्यांनी पाजलंच असतं, कसंही केलेलं. आणि पुढे पाऊल टाकायला माझ्यात बळ नव्हतं. मी तशीच ओट्यावर उभी होते.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. बुढी होती. तिच्या कानावर कसं गेलं, कोण जाणे. ओट्याची पायरी चढून ती धापा टाकत माझ्या शेजारी थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. त्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती, पुढेही कधी बोलली नाही.

"घेऊ दे तिले चव," ती त्या बाईला म्हणाली. "तांब्या चुलीत टाकला का पहिल्यावानी होते. लेकरू नाई होत."

बाई दारातून बाजूला झाली. मी आत पाय टाकला, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. मीठ जरा कमी होतं. मी आणखी चिमूटभर मागितलं.